लाईन गेली की टेकडीवरचं मॉनिटरिंग युनिट हरवतं, रीस्टार्ट केलं की सापडतं: आधी त्याचं घड्याळ बघा

गावाबाहेर, टेकडीवर, माणूस नसलेलं छोटं एफएम केंद्र ज्यांच्या सांभाळात आहे आणि त्यावर नजर ठेवणारं रिमोट युनिट ज्यांनी नव्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर, नेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लक्षणं अशी. लाईन, म्हणजे वीज, बराच वेळ जाते, परत येते. ट्रान्समीटर सुरू होतो, रेडिओवर कार्यक्रम स्वच्छ ऐकू येतो, पण फोनवर युनिट ‘ऑफलाईन’ दिसतं. कोणी वर चढून युनिट बंद करून चालू केलं की दोन मिनिटांत सगळं जागेवर. कोणी गेलंच नाही, तर साधारण एका दिवसाने आपोआप जागेवर. मग पुन्हा एकदा मोठी लाईन जाते आणि पहिले पाढे पंचावन्न. लाईन पंधरा-वीस मिनिटंच गेली तर मात्र काही होत नाही.

हे सगळं तुमच्याकडे जुळत असेल तर नेटवर्कच्या मागे लागू नका. युनिट उघडा आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मीटरने मोजा. आम्ही दोन महिने भलतीकडेच शोधत होतो. तेवढा वेळ तुमचा जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमचं केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका टेकडीवर आहे. १०० वॅटचा ट्रान्समीटर, कार्यक्रम उपग्रहावरून डिशने येतो, पत्र्याच्या छपराची एक खोली, एक मनोरा. अशी केंद्रं आता बरीच झाली आहेत. २८ एप्रिल २०२३ ला एकाच दिवशी देशभरात १०० वॅटच्या ९१ एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन झालं होतं. एवढ्या ठिकाणी चोवीस तास माणूस बसवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून मॉनिटरिंग युनिट हेच तिथले डोळे. पुढे जाणारी पॉवर, अँटेनाकडून परत येणारी पॉवर, आवाज बंद पडला का, लाईनचा व्होल्टेज, बॅटरी, खोलीचं तापमान, मनोऱ्यावरचा दिवा, दाराचा स्विच, सगळं ते बघतं आणि फोरजी राउटरमधून सर्व्हरला कळवतं. मी राहतो तिथून टेकडी ६२ किलोमीटर. खोलीची किल्ली पायथ्याच्या गावातल्या एका काकाजींकडे असते. लाईन कधी गेली, कधी आली, हे वहीत लिहून ठेवायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलंय. ही वही पुढे फार कामाला आली.

नवं फर्मवेअर आम्ही एप्रिलमध्ये टाकलं. त्यात हव्या असलेल्या खूप गोष्टी होत्या. अलार्मला उशीर लावता येतो, मर्यादेला वरची आणि खालची अशा दोन रेषा देता येतात, सर्व्हरशी बोलणं पूर्ण कूटबद्ध होतं, एसएनएमपीची, म्हणजे यंत्रांनी सर्व्हरला आपली स्थिती आणि अलार्म कळवायच्या ठरलेल्या पद्धतीची, तिसरी आवृत्ती चालते. पहिले आठ दिवस छान गेले. मग वळवाचा पाऊस आला, रात्री चार तास लाईन गेली, आणि सकाळी युनिट गायब.

पहिला संशय सिमवर गेला. रिचार्ज होतं. मग वाटलं सिग्नल कमी पडत असेल, म्हणून राउटरची अँटेना खिडकीबाहेर काढली. सिग्नलचे दांडे वाढले, रोग तोच. मग उन्हावर संशय आला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली खोली भट्टीसारखी तापते. राउटर पत्र्यापासून खाली आणला, छोटा पंखा लावला. ते करायलाच हवं होतं, पण या त्रासाचं कारण ते नव्हतं. नंतर राउटरच बदलला. चार हजार गेले, फरक शून्य.

दर वेळी काकाजी वर जायचे, युनिटचं बटण दाबायचे आणि ते चालू व्हायचं. त्यामुळे आमच्या मनात पक्कं बसलं की युनिट हँग होतंय. पण हँग झालेलं यंत्र चोवीस तासांनी स्वतःहून उठत नाही. हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात स्वतःला विचारायला हवा होता.

खरी खूण लॉगमध्ये, म्हणजे युनिट स्वतः ठेवतं त्या नोंदींमध्ये होती, पण ती आम्हाला चकवत होती. युनिट परत आलं की मागच्या नोंदी सर्व्हरवर चढवतं. मोबाईलच्या पानावर जागा कमी, म्हणून तिथे फक्त तास-मिनिटं दिसतात, तारीख दिसत नाही. त्या पानावर युनिट सुरू झाल्याची प्रत्येक नोंद पहाटे साडेपाचची होती. एकदा नाही, पाचही वेळा ०५:३०. मी सरळ अर्थ काढला की पहाटे साडेपाचला लाईनवर काहीतरी होतं. कुठला तरी फीडर बदलत असेल, मोटारी एकदम सुरू होत असतील. वीज कंपनीच्या लाईनमनला विचारून झालं. तो म्हणाला, साडेपाचला आम्ही काहीच करत नाही.

शेवटी काकाजींना फोन केला.

“काकाजी, काल पहाटे साडेपाचला लाईन गेली होती का?”

“नाही जी. साडेपाचले तं मी उठलो होतो, बल्ब चालू होता. लाईन तं रात्रीच गेली, साडेसातले. सव्वाअकराले आली. लिहून ठेवलं ना मी.”

“आणि परवाच्या खेपेला?”

“थांबा, वही पाहतो. दुपारी एकले गेली, चारले आली. साडेपाचचं काईच नाही जी याच्यात.”

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन वर गेलो आणि लॉगची पूर्ण फाईल उतरवून घेतली. तारखेच्या रकान्यात लिहिलेलं होतं: ०१-०१-१९७०.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशी बहुतेक यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले यावर, आणि ती मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची. घड्याळाची आठवण पुसली गेली की मोजणी शून्यावर येते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून शून्याची वेळ आपल्याकडे दिसते पहाटे ५:३०. आमच्या टेकडीवर पहाटे साडेपाचला कधीच काही घडलं नव्हतं. युनिट दर वेळी १९७० सालात जागं होत होतं. तुमच्या युनिटचा घड्याळाचा चिप वेगळा असेल तर १९७० ऐवजी १ जानेवारी २००० दिसेल. काही युनिटं फर्मवेअर बनलं त्या तारखेवर जातात. सन कुठलाही असो, युनिट सुरू झाल्याची नोंद दर वेळी एकाच तारखेला, एकाच वेळेला दिसली की ओळखा.

चूक नेमकी कुठे होती ते आता मागून पुढे लावून सांगतो.

युनिटमधला सेल ३ व्होल्टचा, सीआर२०३२ जातीचा. मोजला तर १.१ व्होल्ट. वीज नसताना घड्याळ चालतं ठेवायचं एवढंच त्याचं काम, आणि उन्हाळ्यामागून उन्हाळे पत्र्याखाली काढून तो मेला होता. वीज असताना घड्याळ मुख्य पुरवठ्यावर चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. युनिटला १२ व्होल्टची बॅटरी आहे, पण तीही थकलेली. चाळीस मिनिटांवर ती टिकत नव्हती. म्हणून छोट्या लाईन-कटमध्ये युनिट बंदच पडायचं नाही आणि मोठ्यात पडायचं. लक्षणांतलं पंधरा-वीस मिनिटांचं कोडं इथे सुटलं.

लाईन आली की युनिट वीस सेकंदांत उभं राहायचं आणि इंटरनेटवरून वेळ मागायचं. पण राउटरला सुरू होऊन फोरजी पकडायला अडीच-तीन मिनिटं लागतात. युनिट एकदा विचारायचं, उत्तर मिळायचं नाही, आणि पुन्हा विचारायची त्याची सेटिंग होती २४ तासांनी. म्हणून एका दिवसाने ते आपोआप बरं व्हायचं. काकाजी बटण दाबायचे तेव्हा राउटर आधीच तयार असायचा, पहिल्याच विचारण्याला वेळ मिळायची, म्हणून रीस्टार्टने बरं व्हायचं.

जुन्या फर्मवेअरमध्ये हे का होत नव्हतं? होत होतं. मागच्या फाईली काढल्या तर दीड वर्षापासून १९७० च्या नोंदी सापडल्या. पण जुनं फर्मवेअर सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे तो खरा असल्याचा डिजिटल दाखला, तपासत नव्हतं, कोणत्याही वेळेला कोणाशीही जोडलं जायचं. नवं तपासतं. प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत लागू’ असं लिहिलेलं असतं. युनिट स्वतः १९७० मध्ये असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटतं आणि ते जोडणी तोडतं. फाईलमध्ये ओळ होती: ‘सर्टिफिकेट नॉट यट व्हॅलिड’. आणि मोबाईल कंपनीच्या सिमला बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता सहसा मिळत नाही. युनिटनेच बाहेर हाक मारावी लागते. त्याची हाक बंद म्हणजे आमच्यासाठी टेकडी आंधळी.

हा अंदाज खरा आहे का ते पडताळायची एक चांगली पद्धत आहे. युनिट किती वेळ सलग चालू आहे याचा आकडा घड्याळावर अवलंबून नसतो. ज्या क्षणी वेळ दुरुस्त झाली, म्हणजे फाईलमध्ये १९७० वरून एकदम आजची तारीख आली, त्या नोंदीपासून तो आकडा मागे मोजा. युनिट खरोखर केव्हा सुरू झालं ते कळतं. मी मोजलं तर रात्रीचे ११ वाजून १६ मिनिटं आले. काकाजींच्या वहीत सव्वाअकरा.

आता दुरुस्तीकडे. हात लावण्याआधी सेटिंगची प्रत लॅपटॉपवर घ्या आणि फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. मग जुन्या सेलवरची अक्षरं वाचा, हे फार महत्त्वाचं आहे. काही बोर्डांवर चार्ज होणारा सेल असतो, त्यावर एमएल किंवा एलआयआर असं लिहिलेलं असतं. तिथे साधा सीआर सेल घातला तर बोर्ड त्याला चार्ज करायला बघेल, आणि तो फुगू किंवा फुटू शकतो. आमच्याकडे साधाच होता. त्या जागी मी बीआर२०३२ घातला. त्याची क्षमता थोडी कमी, पण तो उष्णता जास्त सोसतो. यंत्राच्या पुस्तिकेत चालतो असं लिहिलंय का ते बघूनच घ्या. नसेल तर चांगल्या कंपनीचा सीआर घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. बदलल्याची तारीख झाकणाच्या आतून मार्करने लिहा.

फक्त सेल बदलून थांबू नका. तो पुन्हा कधीतरी मरणारच, आणि तेव्हा युनिट स्वतःहून सावरलं पाहिजे. त्यासाठी वेळेच्या सेटिंगमध्ये पुन्हा विचारायचं अंतर २४ तासांवरून २ मिनिटांवर आणलं. वेळ एकदा मिळाली की रोज विचारलं तरी चालतं, पण मिळेपर्यंत सारखं विचारत राहिलं पाहिजे. नव्या फर्मवेअरमध्ये हे दोन आकडे वेगवेगळे देता येतात. पानाच्या अगदी तळाशी आहेत म्हणून कोणी बघत नाही. वेळेचे दोन सर्व्हर दिले. पहिला आमचा राउटरच, कारण तो मोबाईल नेटवर्ककडून वेळ घेतो. दुसरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा, म्हणजे एनपीएलचा. भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था राखते. राउटरचा पत्ता नावाने न देता आकड्यांत द्या, म्हणजे नाव शोधायची व्यवस्था जागी व्हायच्या आतच काम होतं.

त्याच पानावर सुरुवातीला थांबायची सेटिंग आहे. ती २४० सेकंद ठेवली. इथे नीट बघा, दोन वेगळ्या ओळी आहेत. एक संपर्काला उशीर लावते, दुसरी सगळ्या युनिटलाच. आपल्याला पहिली हवी. दुसरी लावली तर लाईन आल्यावर चार मिनिटं ट्रान्समीटरवर कोणाचीच नजर राहत नाही, आणि बिघाड व्हायची खरी वेळ तीच असते.

बॅटरीही बदलली. १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासाची. युनिट आणि राउटर मिळून आमच्याकडे १० वॅटच्या आसपास खातात. कागदावर आठ तास होतात, प्रत्यक्षात पाच-सहा धरा.

आता एका शॉर्टकटबद्दल, कारण तो मलाही एका मित्राने सुचवला होता आणि रात्री अकराला थकलेल्या माणसाला तो गोड वाटतो. सेटिंगमध्ये सर्टिफिकेट तपासणी बंद करायची चौकट आहे. खूण काढली की त्रास लगेच थांबतो. कृपा करून काढू नका. या युनिटमधून ट्रान्समीटर चालू-बंद करता येतो, पॉवर कमी-जास्त करता येते. समोरचा सर्व्हर खरंच आपला आहे का, हे न तपासता त्याचे हुकूम मानणारं यंत्र टेकडीवर ठेवणं म्हणजे किल्ली कुलपालाच लावून घरी येणं. आपत्तीच्या वेळी गावोगाव सूचना पोचवायला जे साधन उरतं त्यात रेडिओ आहे, आणि त्या गावांचा आपल्यावर भरवसा आहे. जुन्या फर्मवेअरवर परत जाणं हाही त्याच कारणाने उपाय नाही. एसएमएसचा अलार्म मात्र वेगळा चालू ठेवा. तो सर्टिफिकेटवर अवलंबून नसतो, त्यामुळे इंटरनेटची बाजू अडकली तरी निदान ‘लाईन आली, ट्रान्समीटर चालू’ एवढं कळतं.

दुरुस्ती झाल्यावर तपासणी अर्ध्यावर सोडू नका. मी युनिटचा स्वतःचा पुरवठा आणि बॅटरी दोन्ही काढून तासभर थांबलो, ट्रान्समीटरला हात लावला नाही. परत जोडलं आणि लॉगची पहिली ओळ बघितली: तारीख बरोबर, म्हणजे सेल काम करतोय. मग सेल मुद्दाम काढून, राउटर दहा मिनिटं बंद ठेवून युनिट सुरू केलं. ते १९७० मध्ये उठलं, दर दोन मिनिटांनी वेळ विचारत राहिलं, आणि राउटर आल्यावर चौथ्या मिनिटाला आजच्या तारखेत आलं. ही दुसरी परीक्षा पास झाली तेव्हा कुठे टेकडी उतरलो. सेल परत घालायला विसरू नका.

या भानगडीत नव्या फर्मवेअरच्या चांगल्या गोष्टी बाजूला पडू नयेत म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. आमच्या लाईनवर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज २३० वरून १८० पर्यंत खाली बसतो आणि लगेच वर येतो. जुन्या फर्मवेअरमध्ये संध्याकाळी तीस-चाळीस अलार्म यायचे आणि शेवटी कोणीच बघायचं नाही. आता १९० च्या खाली सलग ६० सेकंद राहिला तरच अलार्म, आणि २०० च्या वर गेला की तो मिटतो. संध्याकाळी एखादाच येतो, आणि जो येतो तो खरा असतो. परत येणाऱ्या पॉवरला मात्र एवढा मोठा उशीर लावू नका. १०० वॅट पुढे जाताना ४ वॅट परत आले तर स्टँडिंग वेव्हचं गुणोत्तर, म्हणजे केबल आणि अँटेना किती नीट जुळलेत ते दाखवणारा आकडा, दीडवर पोचतं. तिथे मी पहिली सूचना ठेवली आहे, ५ सेकंदांच्या उशिराने. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरलं की हा आकडा हळूहळू चढतो, आणि ट्रान्समीटर स्वतःची पॉवर कमी करायच्या कितीतरी आधी दिसतो.

एक शेवटची अडचण राहिली होती. वेळ बरोबर, युनिट ऑनलाईन, तरी सर्व्हरच्या एसएनएमपी यादीत या केंद्राचे अलार्म येत नव्हते. यात घड्याळाचा दोष नाही. तिसऱ्या आवृत्तीत यंत्र आपण किती वेळा सुरू झालो याची मोजणी प्रत्येक संदेशाबरोबर पाठवतं. सर्व्हरच्या लक्षात असलेल्या मोजणीपेक्षा आलेली मोजणी कमी असेल, किंवा मोजणी तीच पण सुरू झाल्यापासूनचा वेळ १५० सेकंदांहून जास्त मागे असेल, तर कोणीतरी जुना संदेश पुन्हा पाठवतंय असं समजून सर्व्हर तो टाकून देतो. शोधाशोधीत मी एकदा युनिट फॅक्टरी रीसेट केलं होतं. मोजणी १ वर आली, सर्व्हरच्या लक्षात ४७ होती. सर्व्हरवर त्या यंत्राची जुनी नोंद पुसून अलार्म घेणारी सेवा पुन्हा सुरू केली आणि अलार्म येऊ लागले. रीसेट केलं असेल तर ही पायरी गाळू नका.

दुसऱ्या एका केंद्रावर हेच युनिट आहे, पण तिथल्या बोर्डावर सेल पकडीत नसून पट्ट्यांनी डाग देऊन बसवलेला आहे. असं असेल तर टेकडीवर सोल्डरिंग करत बसू नका, बोर्ड खाली आणा. तोपर्यंत वेळ पुन्हा विचारायचं अंतर २ मिनिटांवर आणून ठेवा. सेल मेलेला असला तरी तेवढ्यावर ते केंद्र जूनपासून एकदाही हरवलेलं नाही.

काकाजींच्या वहीत आता एक रकाना वाढलाय. लाईन गेली, लाईन आली, आणि तिसरा, वर गेल्यावर युनिटच्या छोट्या पडद्यावर दिसलेली तारीख-वेळ.